वेल्डिंग मशीन उघडताय? आधी मीटर लावा

नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन बहुतेक वेळा ग्राइंडरच्या शेजारीच असतं. त्याचा पंखा लोखंडाची भुकटी आत ओढतो आणि ती पीसीबीवर, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डवर जाऊन बसते. ही भुकटी वीजवाहक. पावसाळ्यात तिला ओल धरली की शॉर्ट होऊन आयजीबीटी (करंट झपाट्याने चालू-बंद करणारा मुख्य पार्ट) उडू शकतो, आणि तो खर्च मोठा असतो. म्हणून जूनच्या आधी मशीन एकदा आतून साफ कराच.

पण घाई नको. नुसता स्विच बंद करून भागत नाही, सप्लाय पूर्ण तोडा. 415 व्होल्टच्या थ्री-फेज मशीनमध्ये रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी करणारा भाग) कपॅसिटरवर (वीज साठवून ठेवणारा भाग) साधारण 580 व्होल्ट डीसी असतो आणि सप्लाय तोडल्यावरही तो काही वेळ टिकतो. निदान दहा मिनिटं थांबा, मग 1000 व्होल्ट डीसीच्या रेंजवर मल्टिमीटर ठेवून कपॅसिटरच्या टर्मिनलवर मोजा. आकडा शून्याजवळ आल्याशिवाय आत हात घालू नका. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून कपॅसिटर रिकामा करणारे मी पाहिलेत. कळकळीने सांगतो, ते करू नका. ती ठिणगी डोळ्यांवर येते.

हवा मारण्याआधी कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडून द्या. दाब कमी ठेवा आणि पंख्याचं पातं बोटाने धरा, नाहीतर ते भिरभिरून बेअरिंग जातं. तोंडाला मास्क हवाच.

शेवटी आउटपुटचे नटबोल्ट बघा. जिथे तांबं काळं पडलंय, तिथे जोड सैल होता. पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळा.