वाळवायची फुलं : लागवड सोपी, तोडणीत खरी मेख

पाऊस ओसरला, वाफसा आला (माती ना चिखल, ना कोरडी), की देशावरच्या शेतकऱ्यांनी वाळवायच्या, म्हणजे सुकवून सजावटीला वापरायच्या फुलांची रोपं टाकायला घ्यावीत. कागदी फूल (हेलिक्रायसम) आणि स्टॅटिस ही दोन्ही थंडी मानवणारी. त्यांचं बी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत गादीवाफ्यावर पडलेलं बरं. कागदी फुलाचं बी मातीत गाडू नका, त्याला उजेड लागतो. वरून नुसतं दाबा. बटण (गोंफ्रेना) आणि कोंबडा या फुलांना ऊब हवी, म्हणून ते आधी उरका. बटणाचं बी लोकरीत गुंडाळल्यासारखं असतं, रात्रभर भिजवून टाकलं तर लवकर उगवतं.

महिन्याभराची रोपं फूटभर अंतरावर लावा. युरियाचा हात आखडता ठेवा. माजलेल्या झाडाचा दांडा मऊ राहतो आणि वाळताना मान टाकतो.

आता तोडणी. ताज्या फुलांच्या बाजाराची सवय असलेला माणूस इथेच फसतो. कागदी फुलाच्या बाहेरच्या पाकळ्यांच्या दोन-तीन ओळी सुटल्या आणि मधला डोळा अजून मिटलेला आहे, तेव्हाच कापा. टांगल्यावरही ते उमलत राहतं; पूर्ण उमललेलं कापलंत तर पाकळ्या मागे वळून मधला पिवळा भुगा तेवढा दिसतो. स्टॅटिसचं उलटं : तुऱ्यावरची बहुतेक फुलं उघडल्याशिवाय हात लावू नका. बटण बोटांत दाबून पाहा, घट्ट लागलं की घ्या. उशीर झाला तर खालून झडायला लागतं. कोंबड्याच्या तुऱ्याच्या बुडाशी काळं बी धरायच्या आत तो कापा, नाहीतर घरभर बी सांडेल.

दव उडाल्यावरच कापा. पानं ओरबाडून आठ-दहा दांड्यांची जुडी बांधा, पण सुतळीने नाही, रबरबँडने. दांडे सुकून बारीक होतात आणि सुतळी सैल पडते. पहिल्या वर्षी आमच्या निम्म्या जुड्या सकाळी जमिनीवर होत्या!

जुड्या उलट्या टांगा, अंधाऱ्या पण वारा खेळणाऱ्या खोलीत. उन्हात रंग उडतो. दोन-तीन आठवड्यांनी दांडा वाकवून पाहा. कट्‌कन मोडला तर माल तयार. कागदी फुलाला दांड्याऐवजी तार घालायची असेल तर ओलं असतानाच घाला. सुकताना फूल तारेला आवळून धरतं, नंतर भोक पाडायला गेलात तर फुटतं.

कोकणात मात्र दमट हवेत बुरशी धरते. तिथे पंखा लावल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.