तोच सेट टॉप बॉक्स पुन्हा पुन्हा बंद का पडतो

कुडाळच्या बाजूच्या एका गावातला फ्री डिशचा (दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेचा) बॉक्स एकाच पावसाळ्यात तीनदा माझ्या टेबलावर आला. आजी दर वेळी एवढंच म्हणायच्या, "डबो परत बंद पडलो रे." बॉक्स रिफर्बिश्ड, म्हणजे जुना दुरुस्त करून पुन्हा विकलेला, वरून अगदी चकचकीत. दोन वेळा मी पॉवर सप्लायमधला फुगलेला कपॅसिटर बदलून दिला. तिसऱ्या वेळी आधी त्यांच्या घरी गेलो. कौलांवरच्या डिशची केबल कुठेही झोल न घेता तिरकी खाली येऊन थेट बॉक्सला लागली होती. कनेक्टर काढला तर पाणी ठिबकलं, आतली तार हिरवी पडलेली. एलएनबीची (डिशच्या तोंडावरच्या रिसीव्हरची) लाइन ओलाव्यामुळे अर्धवट शॉर्ट होती आणि तो सगळा भार सप्लायवर पडत होता. नवा कपॅसिटर तरी किती टिकणार?

म्हणून परत आलेला बॉक्स असेल तर सुरुवात केबलपासून करा. दोन्ही टोकं सोडवा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून मधली तार आणि जाळी यांच्यात मोजा. काहीच दाखवायला नको. काही हजार ओहम जरी दाखवले तरी आत पाणी आहे असं समजा. टोकाची फूटभर केबल कापून बघा. आतली जाळी काळी असेल तर केबल नवीनच घाला. जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकलेला असतो, तोही पाहा. आजींच्या खिडकीबाहेर केबलला खाली झोल दिला, म्हणजे पाणी तिथेच गळून पडतं.

मग केबल न लावता बॉक्सच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. व्हर्टिकल पोलरायझेशनच्या चॅनेलला 13 व्होल्टच्या आसपास, हॉरिझॉंटलच्या चॅनेलला 18 च्या आसपास यायला हवं. केबल लावल्यावर ते कोसळलं तर दोष बाहेर आहे. आधीपासूनच नसेल तर बॉक्स उघडायचा.

इथे थांबून नीट वाचा. प्लग काढल्यावरही सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. 230 व्होल्टच्या फिलामेंट बल्बच्या इन्सुलेटेड वायरी त्याच्या पायांना लावून तो उतरवा आणि मीटरने खात्री करा. मेन्सच्या कामाची सवय नसेल तर झाकण उघडू नका, केबलची तपासणी तेवढी करा आणि बॉक्स मेकॅनिककडे द्या.

उघडल्यावर मी आधी फ्यूज बघतो. रिफर्बिश्ड बॉक्समध्ये फ्यूजच्या जागी सरळ तार डाकलेली मला बऱ्याचदा सापडली आहे, आणि विजेच्या झटक्यात जळालेला व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज झेलणारा भाग) काढून ती जागा मोकळी सोडलेली. असा बॉक्स चालतो, पण पुढच्या गडगडाटात सगळाच जातो. बोर्डावर छापलेल्या रेटिंगचा फ्यूज घाला, व्हॅरिस्टर बसवा, आणि पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या सिरीजमध्ये 60 वॅटचा तसाच बल्ब ठेवा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत जळत राहिला तर प्रायमरीत, म्हणजे सप्लायच्या मेन्सकडच्या भागात, शॉर्ट आहे.

आता सप्लायची व्होल्टेज. बहुतेक बोर्डांवर 3.3, 5, 12 असे आकडे छापलेले असतात. बॉक्स सारखा रीस्टार्ट होत असेल तर 3.3 ची लाइन लोडवर मोजा. ती 3 च्या खाली झुकत असेल तर सेकंडरीचे, म्हणजे आउटपुटकडचे, कपॅसिटर संशयित. ते फुगलेलेच असतील असं नाही. सकाळी चालू न होणारा बॉक्स हेअर ड्रायरने दोन मिनिटं ऊब दिल्यावर चालू झाला तर कपॅसिटर वाळलाय, हे जवळजवळ नक्की. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज शक्य तर एक पायरी जास्त, आणि 105 डिग्रीचा लो ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा). 85 डिग्रीचा साधा कपॅसिटर स्वस्त मिळतो, पण मी तो घालत नाही.

मुख्य आयसीच्या कडेला तपकिरी, चिकट फ्लक्स (सोल्डरिंगला लावतात तो पदार्थ) दिसला तर कुणीतरी हीट गनने ती चिप शेकली आहे. असा बॉक्स काही आठवडे चालतो, तापला की अडकतो आणि थंड झाला की पुन्हा चालतो. त्यावर पैसे घालू नका. वॉरंटी असेल तर विक्रेत्याला परत करा. मी स्वतः असे बॉक्स दुरुस्तीला घेत नाही, कारण गिऱ्हाईक महिन्याभरात परत येणार हे मला ठाऊक असतं.

शेवटी एफ कनेक्टरचे, म्हणजे बॉक्सवर डिशची केबल लागते त्या कनेक्टरचे, सोल्डर. केबल ओढली जाऊन तिथे बारीक गोल चीर पडते. भिंगातून बघा, जुनं सोल्डर काढून नवीन भरा.

काम झालं की बॉक्स झाकण लावून, डिश जोडून रात्रभर चालवतो. मग प्लग काढून पूर्ण थंड होऊ देतो आणि पुन्हा चालू करून बघतो. उघडा बॉक्स टेबलावर दहा मिनिटं चालला याला मी दुरुस्ती म्हणत नाही. वहीत तारीख, बदललेला भाग आणि केबलची अवस्था लिहितो. आजींच्या बॉक्सपुढची शेवटची नोंद आहे: "केबल नवी, कपॅसिटर 1, बॉक्सवरचं भरतकामाचं कापड काढायला सांगितलं."