गाडीने लग्नाला निघण्याआधी

पुण्याहून सकाळी निघून कोल्हापूरला जुन्या मित्रांकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी आंबा घाटातून रत्नागिरीत लग्न, आणि येताना चिपळूण-कुंभार्लीवरून कराडला आणखी एका मैत्रिणीकडे, असा बेत असेल तर कपडे, चार्जर, पाणी, लायसन्स, पीयूसी हे मी सांगत बसत नाही. ते तुम्ही घ्यालच. मला सांगायचं आहे ते स्टेपनीचं.

सामान भरायच्या आदल्या दिवशी, डिकी रिकामी असताना, स्टेपनी बाहेर काढा. वरून अंगठ्याने दाबून 'आहे की हवा' म्हणू नका. पंपावरचा मुलगा चार टायर बघतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. पाचवा आपण सांगितल्याशिवाय कोणी बघत नाही. टायर पडून असला तरी त्याची हवा हळूहळू उतरतेच. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बहुतेक गाड्यांना स्टिकर असतो. त्यावर हवेचे आकडे असतात, कमी माणसांसाठी वेगळा आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा. लग्नाला आपण भरलेल्या गाडीनेच जातो, तेव्हा तो आकडा धरा. स्टेपनीत थोडी जास्तच भरून ठेवा. जास्त झालेली हवा घाटात सोडता येते, कमी पडलेली आणायची कुठून?

टायरचं वयही बघा. बाजूला डीओटी अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कोरी दिसते म्हणून फसू नका, रबर न वापरताही वाळतं. काही गाड्यांची स्टेपनी इतर चाकांपेक्षा बारीक असते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. ती फक्त पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यापुरती. सात सीटच्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते, डिकीतल्या छिद्रातून दांडा घालून ती खाली सोडावी लागते. हे एकदा पार्किंगमध्ये करून बघा. जॅक, पाना, दांडा तिन्ही जागेवर हवेत. गॅरेजमध्ये मशीनने आवळलेले नट तुमच्या हातच्या पान्याने सुटतात का, तेही बघा. नट आधी सैल करायचे आणि मग जॅक लावायचा, नाहीतर चाकच गरगर फिरत राहतं.

एवढ्या तपशिलात शिरते आहे, कारण गेल्या वैशाखात कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर मलकापूरच्या पुढे आमचा मागचा टायर बसला, डिकीतल्या सगळ्या बॅगा रस्त्याच्या कडेला मांडून स्टेपनी काढली, तर ती त्याहून मऊ. माझ्या मैत्रिणीच्या मुलीवर अक्षता पडल्या तेव्हा आम्ही शालू नेसून पंक्चरवाल्याच्या बाकावर बसलो होतो. ती मुलगी माझ्यासमोर वाढली आहे. मुहूर्त कोणासाठी थांबत नाही. म्हणून स्टेपनी बघा.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा हवेचा पंप मिळतो, तो घ्या. विजेरी आणि लाल त्रिकोणही. घाटात गाडी बिघडली तर वळणावर थांबू नका, वळण ओलांडून सरळ तुकड्यावर घ्या. राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक १०३३ आणि तातडीचा ११२, दोन्ही गाडीतल्या सगळ्यांना पाठ हवेत. नकाशा घरूनच डाउनलोड करा, घाटात नेटवर्क जातं. फास्टॅगमध्ये पैसे टाका. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे टोल एकामागून एक येतात. निघायचं पहाटे पाचला. शनिवारी उशीर केलात तर खंबाटकीच्या चढावर ट्रकमागे ट्रक लागतात आणि चिडचिड तिथूनच सुरू होते.

मुलांना घाट लागतो. गाडी लागण्याची गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी. घाट लागल्यावर, साखरप्याच्या उतारावर दिलेल्या गोळीचा काही उपयोग नाही. आलेपाक आणि लिंबू हाताशी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशव्या सीटच्या खिशात, डिकीत नव्हे. आजी-आजोबांची औषधंही हातातल्याच पिशवीत.

मित्रांना नुसतं 'येतोय' कळवू नका. किती जण, किती वाजता, जेवणार की नाही, कोण मटण खात नाही, कोणाचा सोमवार आहे, सगळं स्पष्ट सांगा. कोल्हापूरच्या घरात तांबडा-पांढरा रस्सा सकाळपासून शिजतो. तुम्ही किणीला हॉटेलात पोटभर खाऊन त्यांच्या दारात उभे राहिलात तर वहिनींचं तोंड उतरतं आणि ते बघवत नाही. वर्षांनी भेटताय, तर संध्याकाळ मोकळी ठेवा. रंकाळ्यावर जायचं, अंबाबाईचं दर्शन घ्यायचं आणि गप्पाही मारायच्या, हे सगळं दोन तासांत बसत नाही. दर्शन पहाटे घ्या, गप्पा रात्री.

लग्नाचं सामान वेगळ्या बॅगेत आणि ती बॅग सगळ्यांत वर. शालूबरोबर त्याचंच ब्लाउज आहे ना, परकर आहे ना, पिना आहेत ना, बघा. आहेराची पाकिटं नाव लिहून, वरचा रुपया घालून घरीच तयार करा. पत्रिकेवरचा मुहूर्त डोळ्यांनी वाचा, कोणाच्या तोंडून ऐकू नका. कार्यालयाचं पूर्ण नाव आणि भागही बघा. कोल्हापूर ते रत्नागिरी साधारण १३० किलोमीटर आहे, पण मुलं आणि घाट धरून चार तास ठेवा, आणि वर एक तास टायरसाठी. मे महिन्यात कोकणात घाम थांबत नाही, मुलांना सुती कपडे.

निघायच्या सकाळी पाचही टायर परत बघा. पाच.

परतीला फार सांगत नाही. हातखंब्याहून चिपळूण, तिथून कुंभार्ली चढून कोयनानगर, पाटण, कराड. कुंभार्ली उजेडी चढा. कराडच्या मैत्रिणीला हापूसची पेटी न्याल, स्वतःलाही दोन घ्याल. पेट्या भरायच्या आधी स्टेपनी. जाताना वापरली असेल तर टायरचं पंक्चर रत्नागिरीतच काढून घ्या, 'पुण्याला गेल्यावर बघू' नको. बिल, उरलेली पाकिटं, ओले टॉवेल घरी गेल्यावर.