टोकन देण्याआधी वकील गाठा: ठाणे-नवी मुंबईत घर घेताना आणि भाड्याने देताना या चुका टाळा

रीसेलचा फ्लॅट पसंत पडला की एजंट लगेच घाई करतो. "दुसरी पार्टी बघून गेलीय, टोकन देऊन ठेवा." संध्याकाळपर्यंत टोकनचे, म्हणजे बयाण्याचे, लाख-दोन लाख रुपये गेलेले असतात आणि मालकाचे कागद अजून कुणी पाहिलेलेही नसतात. पुढे बहुतेक वाद इथूनच सुरू होतात. वकिलाकडे लोक येतात ते पैसे अडकल्यावर. खरं तर तासाभराची त्याची गरज टोकनच्या आदल्या दिवशी असते.

आणि वकील आपला हवा. एजंट "आमचे वकील बघतात सगळं" म्हणतो तेव्हा त्या वकिलाची फी कोण देतो आणि व्यवहार झाला नाही तर कुणाचं नुकसान होतं, हे विचारा. "बँकेने लोन मंजूर केलं म्हणजे कागद क्लिअर" हाही असाच समज आहे. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेसाठी अहवाल देतो. तुमच्या टोकनचं, ताब्याच्या तारखेचं, सोसायटीच्या थकबाकीचं काय, हे पाहणं त्याचं काम नसतं.

टोकन द्यायचंच असेल तर चेकने किंवा ऑनलाइन द्या आणि साध्या कागदावर का होईना, दोघांच्या सह्यांनी अटी लिहून घ्या. मालकीत दोष निघाला किंवा त्या दोषामुळे कर्ज नाकारलं गेलं, तर किती दिवसांत पैसे परत, हे त्यात हवंच. नवीन प्रकल्पात बिल्डरकडून घेत असाल तर रेरा कायद्याचं (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) कलम 13 लक्षात ठेवा. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही.

कागदांची साखळी

रीसेलमध्ये पहिल्या खरेदीपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे करारनामे, प्रत्येकाची इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मागा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू स्वतः पाहता येते. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींची तपासणी, करून घेतलेला बरा.

मूळ मालक वारला असेल तर जास्त जपा. "सोसायटीत मुलाचं नॉमिनेशन आहे" एवढ्यावर लोक व्यवहार करतात. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करून घेते, पण घरावर हक्क सगळ्या वारसांचा असतो. बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल किंवा करारावर त्यांच्या सह्या नसतील, तर पुढे एखादी बहीण कोर्टात गेली की खरेदीदार अडकतो. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचा हक्क संपत नाही, हे आजही अनेक घरांत मान्य केलं जात नाही. म्हणूनच तिची सही आठवणीने मागा.

दस्त नोंदला गेला म्हणजे घर कायदेशीर झालं, असंही नाही. दुय्यम निबंधक कार्यालय दस्ताची नोंद करतं, इमारतीला परवानगी होती का याची हमी देत नाही. दिवा, मुंब्रा, दिघा भागात याची किंमत सामान्य कुटुंबांनी मोजली आहे. कल्याण-डोंबिवलीत तर 65 इमारतींना बनावट परवानग्यांवर महारेराचे (राज्याचं रेरा प्राधिकरण) नोंदणी क्रमांकही मिळाले होते आणि 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. त्यामुळे रेरा क्रमांक पाहून थांबू नका. बांधकाम परवानगीची प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात ती खरी आहे का, हे लेखी विचारा. वेळ लागतो, पण आयुष्यभराची कमाई त्यात जाणार असते.

सिडकोची जमीन

नवी मुंबईतली बरीच जमीन सिडकोची, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, आहे आणि ती भाडेपट्ट्याने दिलेली आहे. सिडकोने बांधलेल्या घराचा व्यवहार करताना सिडकोची हस्तांतरण परवानगी आणि त्याचं शुल्क लागतं का, हे पाहावं लागतं. लॉटरीतल्या घरांवर काही वर्षं विक्रीबंदी असते. ती चुकवण्यासाठी मुखत्यारपत्र आणि ताबा देऊन घर "विकलं" जातं. हे अजिबात करू नका. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे.

साडेबारा टक्के योजनेतल्या (शहरासाठी जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना परत दिलेल्या) भूखंडावरची इमारत असेल तर सिडको, प्रकल्पग्रस्त आणि बिल्डर यांच्यातला त्रिपक्षीय करार पाहा. परवानगी लागते का, शुल्क कुणी भरायचं, हे इमारतीगणिक बदलतं. सिडकोकडे आधीच विचारा आणि खर्च कुणाचा ते करारात लिहा. शेवटच्या आठवड्यात हा खर्च समोर आला की दोन्ही बाजू हटून बसतात.

भाड्याचा करार

"अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे" हे महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा नेहमीचा भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात. शिवाय 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. उलट करार नोंदलेला असेल आणि मुदत संपूनही भाडेकरू निघत नसेल, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते. आता घरबसल्या अंगठा देऊन नोंदणी होते, तेव्हा काही हजार वाचवण्यासाठी हे टाळू नका.

भाडेकरूंसाठी मोठा धोका हेवी डिपॉझिटचा. भाडं नाही, पण पाच-दहा लाख एकरकमी. समोरचा माणूस खरंच मालक आहे का, हे इंडेक्स टू पाहून ठरवा. घरावर कर्ज आहे का, हप्ते चालू आहेत का, तेही विचारा. बँकेने घर जप्त केलं तर तुमचं डिपॉझिट त्या मालकाकडून वसूल करत बसावं लागतं. पूर्ण रक्कम करारात दाखवा. "स्टॅम्प ड्युटी वाचेल, दोन लाखच लिहू" असं कुणी म्हटलं तर उरलेले पैसे दिल्याचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही.

चूक होऊन गेली असेल तर

करारावर सह्या झाल्या आणि नोंदणी राहिली असेल तर सहीपासून 4 महिन्यांची मुदत असते. त्यानंतर आणखी 4 महिन्यांपर्यंत दंड भरून नोंदणीसाठी अर्ज करता येतो. मूळ करारनामा हरवला असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत काढा. पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर खरेदीदाराने विक्रेत्याच्या पैशांतून कापून सरकारला भरायचा 1 टक्का कर (टीडीएस) राहिला असेल तर उशीर होईल तसं व्याज वाढतं, लगेच भरा. विकणारा परदेशात राहत असेल तर हा दर वेगळा आणि बराच जास्त असतो. तिथे पैसे देण्याआधीच सीएला विचारा.

वकिलाची फी परवडत नसेल तर ठाण्यातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि आणखी काही गटांनाही मिळते, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. 15100 हा विधी सेवेचा हेल्पलाइन क्रमांक. जाताना करार, पैसे दिल्याचे पुरावे आणि एजंटशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज तारखेप्रमाणे छापून न्या.