म्युझिकवर उडणारी विमानं: एअरोबॅटिक्स बघायचं कसं

कोणाला, स्पेशली लहान मुलांना, विमानांची गोडी लावायची असेल तर लिफ्ट, ड्रॅग वगैरे थिअरीने सुरुवात करूच नका, पोरं पळून जातात. म्युझिकवर बसवलेला एअरोबॅटिक्सचा, म्हणजे विमानाच्या हवेतल्या कसरतींचा, एखादा व्हिडिओ लावा, चारेक मिनिटांचा पुरे, आणि काहीही न समजावता बघू द्या.

मग तोच व्हिडिओ म्यूट करून बघायचा. हे सहसा कोणी करत नाही आणि खरी मजा इथेच आहे, कारण गाणं बंद झालं की विमानाची स्वतःची लय दिसायला लागते. हॅमरहेड नावाची कसरत घ्या. विमान सरळ वर चढतं, स्पीड कमी होत होत जवळजवळ संपतो, आता थांबलंच असं वाटतं तेवढ्यात पायलट एका बाजूचं रडर (शेपटीवरची उभी झडप वळवणारं पेडल) पूर्ण दाबतो, विमान जागच्या जागी आडवं वळतं आणि नाक खाली करून सुटतं. आता आवाज चालू करा, चांगल्या पायलटने ते वळण बरोब्बर समेवर आणलेलं असतं, तबलजीची तिहाई येते तसं.

थोडं गणितही सांगा, पोरांना आवडतं. ‘एक्स्ट्रा 300’ नावाचं कसरतींचं विमान सेकंदाला साधारण 400 अंश रोल होतं (नाक ते शेपूट या रेषेभोवती फिरतं), म्हणजे पूर्ण गिरकी एका सेकंदाच्या आत. गाणं मिनिटाला 120 बीट्सचं असेल तर एक गिरकी म्हणजे जेमतेम दोन बीट्स!

पुढे कागद-पेन्सिल. होसे लुईस आरेस्ती या स्पॅनिश पायलटने या कसरती लिहायची चिन्हं बनवली, स्पर्धांमध्ये आजही तीच चालतात. ढोबळमानाने विमान सुलटं तर सलग रेघ, उलटं तर तुटक, सुरुवातीला टिंब आणि शेवटी छोटी उभी रेघ. आता आपलं आवडतं गाणं घ्या, त्यावर पाच-सहा फिगर्स (एकेका कसरतीची चिन्हं) काढा आणि हाताचं विमान करून अंगणात चालत चालत ‘उडवा’. हसू नका, मोठमोठे पायलटसुद्धा उडण्याआधी अशीच प्रॅक्टिस करतात. फक्त सगळं गाणं धडाधड वाजणारं नको, वर चढताना स्पीड जातो आणि खाली येताना परत मिळतो, त्यामुळे संथ जागा असलेलं गाणं जास्त चांगलं बसतं.

प्रत्यक्ष शोला गेलात तर एक गोष्ट खटकेल, इंजिनचा आवाज गाण्याच्या मागे पडतो. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे अर्ध्या किलोमीटरवरचं विमान तुम्हाला दीड सेकंद उशिरा ऐकू येतं आणि स्पीकर तर शेजारीच असतो. म्हणून ताल डोळ्यांनी धरायचा, विमानाने सोडलेल्या स्मोककडे बघत. आणि जेट्स असतील तर मुलांच्या कानाला इअरमफ्स हवेतच, इथे कंजूषी नको.

एवढं झाल्यावर स्वतः बसायची खाज सुटतेच. एअरोबॅटिक्सचं ट्रेनिंग असलेला इन्स्ट्रक्टर आणि त्यासाठीच बनलेलं विमान, दोन्ही असतील तरच बसा. पहिल्याच फेरीत लूप (हवेत उभा गोल) मागू नका, त्यात 3-4 जी सहज लागतात, म्हणजे अंग तीन-चार पट जड वाटतं, त्यापेक्षा साधा रोल मागा. हलकं खाऊन जा, नजर क्षितिजावर ठेवा, आणि मळमळायला लागलं तर लगेच सांगा, इन्स्ट्रक्टर विमान सरळ करून थोडा वेळ तसंच उडवेल.