जीपच्या ब्रेक ड्रमची भट्टी, दोघांनी उचलून गाडीत टाकता येईल अशी

आमच्या गावात दिवाळी झाली की घिसाडी, म्हणजे फिरते लोहार, यायचे. रस्त्याच्या कडेला पाल पडलं की तासाभरात भट्टी चालू. भट्टी म्हणजे काय, तर जमिनीत वीतभर खड्डा, बाजूने मातीत पुरलेली एक नळी आणि त्या नळीला हँडलचा पंखा. बाप्या सांडशीत पाटा धरून बसायचा, बाई उभी राहून घण घालायची आणि पोरगं पंखा फिरवायचं. कोयता, विळा, खुरपं, सगळं त्या खड्ड्यावर. हे आधी सांगतोय कारण मी स्वतः दोन वर्षं नेटवर व्हिडिओ बघून फायरपॉट, मोटर, रेग्युलेटर असलं काय काय जमवलं आणि शेवटी कळलं की भट्टी म्हणजे निखाऱ्याच्या ढिगाला खालून नाहीतर बाजूने बेताची हवा, बाकी सगळा नुसता सांगाडा.

पण फ्लॅटवाल्याला खड्डा कुठे खणायचा, म्हणून ड्रम.

भंगारात जाऊन जीप किंवा पिकअपचा जुना ब्रेक ड्रम बघा, आतून १० ते १२ इंच व्यास आणि ३-४ इंच खोल असला की झालं. ट्रकचा घेऊ नका, एकट्याला हलत नाही आणि कोळसा खातो राक्षसासारखा. ड्रमला तडा आहे का ते बघायचं, दोरीला टांगून हातोडीने हळू ठोकला की चांगला ड्रम घंटेसारखा वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. आणि घरी आणल्यावर आतली काळी धूळ फुंकून किंवा कॉम्प्रेसरने उडवायची नाही, जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, सरळ पाण्याने ओला करून धुवायचा.

ड्रम असतो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बिडाला साध्या रॉडने वेल्डिंग मारलं की थंड होताना शेजारीच तडकतं, माझा पहिला ड्रम असाच गेला, वेल्डिंगवाला म्हणालेला धरेल म्हणून, धरलं दोन दिवस. त्यामुळे ड्रमला वेल्डिंग करायचंच नाही. ६ एमएमची एमएस (साध्या मऊ लोखंडाची) प्लेट घ्या, ड्रमच्या तळाला बसेल एवढी, तिच्या मधोमध २ इंची पाईपएवढं भोक पाडून पाईपचा तुकडा तिला वेल्ड करून घ्या आणि ती प्लेट ड्रमच्या बोल्टच्या भोकांतून नटबोल्टने आवळा. लोखंड लोखंडाला वेल्ड, बिडाला बोल्ट. आतल्या बाजूने मधल्या मोठ्या भोकावर १० एमएम जाड प्लेटची गोल जाळी ठेवायची, तिला ८-१० एमएमची सहा-सात भोकं. जाळी फिक्स करू नका, नुसती ठेवा, ती सगळ्यात आधी जळते आणि बदलावी लागते.

खालच्या पाईपला २ इंची टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड. टीच्या बाजूच्या तोंडातून हवा येणार, खालच्या तोंडातून राख पडणार. खाली चार इंचाचा तुकडा लावून त्याला झाकण द्यायचं, पण आट्यांचं टोपण नको, राखेने आणि तापून ते असं जाम होतं की पाना लावून पण सुटत नाही. पत्र्याचं झाकण एका बोल्टवर बाजूला सरकेल असं लावा. हवेच्या बाजूचा पाईप किमान दीड फूट लांब ठेवा म्हणजे पंख्यापर्यंत धग पोचत नाही.

पाईप घेताना दुकानदार जीआय देईल, चकचकीत असतो, घ्यायचा नाही. त्यावर जस्ताचा थर असतो आणि जस्त साधारण ९०० डिग्रीला उकळतं, त्याचा पांढरा धूर नाकात गेला की संध्याकाळी थंडीताप भरतो, वेल्डिंगवाल्यांना विचारा. काळा पाईप मागा. टी पण काळीच. भट्टीत तापवायला जे लोखंड टाकाल त्यालासुद्धा हाच नियम, जीआयचे तुकडे आणि प्लेटिंगचे चमकणारे बोल्ट आगीत नाहीत म्हणजे नाहीत.

स्टँडला पाय तीनच. चार पायांची भट्टी गच्चीवर ठीक, पण शेतात नेली की डगमगते, तिपाई कुठेही बसते. ३५ एमएमचा अँगल, पाय बोल्टने जोडलेले म्हणजे सोडून डिकीत टाकता येतात. उंची अशी की ड्रमचा काठ तुमच्या कमरेच्या जरा खाली येईल, वाकून काम केलं तर दुसऱ्या दिवशी पाठ बोलते. ड्रमभोवती जुन्या पिंपाच्या झाकणाचा पत्रा टेबलासारखा बसवला तर कोळसा ठेवायला जागा होते. आतून फायर क्ले (भट्टीची, आग सोसणारी माती) आणि वाळू कालवून बोटभर थर द्या, कडांना जाड आणि मध्ये उतार म्हणजे निखारे आपोआप मधोमध घसरतात. हा थर सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्या, ओल्यावर आग पेटवली की टवके उडतात.

आता हवा. सगळे इथेच चुकतात, मी पण चुकलो. कॉम्प्युटरची धूळ उडवायचा ब्लोअर जोडला, बटण दाबलं, दहा मिनिटांत सळईचं टोक फुलबाजीसारखं तडतडायला लागलं, म्हणजे लोखंड जळलं, ते टोक कापून टाकायचं, ठोकून सुधारत नाही. जास्त हवा म्हणजे जास्त गरम असं नसतं, निखाऱ्यात वापरून उरलेली हवा लोखंडाला खाते आणि वर खपल्या धरतात. माझं मत विचाराल तर जुन्या बाजारातून हँडलचा पंखा घ्या, हात थांबला की आग थांबते, कोळसा निम्मा वाचतो. विजेचाच वापरायचा असेल तर हेअर ड्रायर थंड हवेवर चालतो (घरच्यांना विचारून, मी विचारलं नव्हतं), आणि तो पाईपला घट्ट न बसवता तोंडासमोर इंच-दोन इंच लांब ठेवा, मागेपुढे केला की हवा कमीजास्त, रेग्युलेटरची गरजच नाही.

दगडी कोळसा वापरत असाल तर अजून एक. हवा पूर्ण बंद करून चहाला गेलात की कोळशाचा गॅस खाली पाईपात उतरतो आणि परत पंखा चालू केला की धप्प! माझं राखेचं झाकण उडून गेलं होतं. थांबताना खालचं झाकण उघडं ठेवायचं.

कोळसा कुठला? आपल्याकडे वणी-चंद्रपूरचा कोळसा वीजकेंद्रात जातो, त्याला राख भरपूर आणि त्याचा कोक (धूर-गॅस निघून गेल्यावर उरणारा कडक कोळसा) नीट होत नाही. झारखंडात झरियाकडचा कोकिंग कोळसा लोहारकामाला उत्तम, पण किरकोळ पाच-दहा किलो मिळणं मुश्कील. हार्ड कोक मिळाला तर धूर नाही, पण त्याला सतत हवा लागते, हात थांबला की विझतो. नवशिक्याने सरळ लाकडी कोळसा घ्यावा, तंदूरवाल्या हॉटेलांना देतात तो, बाभळीचा मिळाला तर सोनं. ठिणग्या जास्त उडतात आणि भराभर संपतो, पण शेजारी भांडायला येत नाहीत. फोडून अक्रोडाएवढे तुकडे करा. ड्रम उथळ असल्यामुळे काठाला दोन-तीन विटा उभ्या लावून ढीग उंच करावा लागतो, कारण लोखंड जाळीला टेकवायचं नसतं, खाली तीन-चार इंच आणि वर दोन इंच निखारे पाहिजेत.

पेटवताना कागद, करवंटीचे तुकडे, त्यावर मूठभर कोळसा, हलकी हवा. लाल झालं की बाजूने कोळसा आत सारत जायचं, वरून ओतायचा नाही. लोखंड नारिंगी-पिवळं झालं की ठोका, काळपट लाल झालं की थांबा आणि परत आत. दगडी कोळशात तासाभराने आग मध्येच मंदावते, हवा जोरात मारली तरी उजेड येत नाही, तेव्हा समजायचं जाळीवर खंगर, म्हणजे वितळून चिकटलेली राख, धरलाय. दोन-चार मिनिटं हवा बंद ठेवली की तो काचेसारखा गोळा आळतो, आकडीने एका दमात उचलून बाहेर. आग विझवायला ड्रमवर पाणी ओतायचं नाही हं, तापलेलं बीड गार पाण्याने फाटतं. निखारे पसरून ठेवा.

जागा उघडीच हवी. शटर अर्धं उघडं ठेवून गॅरेजमध्ये चालेल का असं मित्र विचारतो, नाही चालणार, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गच्चीवर भट्टीखाली विटा अंथरा, निखारा थेट कोब्यावर पडला तर कोबा फुटून कपच्या उडतात. सुती कपडे, चामड्याचे बूट, गॉगल, बाजूला पाण्याची बादली.

ऐरणीसाठी सगळे रेल्वेच्या रुळाचा तुकडा सुचवतात. भंगारात मिळतो पण बिल मागा, रेल्वेच्या चोरीच्या मालासाठी १९६६ पासून वेगळा कायदा आहे आणि माल जवळ सापडला तरी गुन्हा आहे. मी जाड शाफ्टचा तुकडा बाभळीच्या ओंडक्यात उभा ठोकलाय, मस्त चालतोय.

पहिलं काम म्हणून कोयता करायला जाऊ नका. १० एमएमचा चौकोनी बार घ्या, एक टोक निमुळतं करून वाकवा, दुसऱ्या टोकाला कडी, झाली खंगर काढायची आकडी, ती तशीही लागणारच आहे.