अटक आणि जामीन : या चुका टाळा

गुन्हा नोंदला गेला की बहुतेक घरांत पहिली धावपळ होते ती ओळखीचा माणूस शोधण्यासाठी. कागद आणि तारखा यांच्याकडे लक्ष जाते ते उशिरा, आणि बचाव बऱ्याचदा तिथेच लंगडा पडतो.

पोलिसांची हजर राहण्याची नोटीस आली की घाबरून गाव सोडणे ही त्यातली मोठी चूक होय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ नुसार, नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्यास कारणे लेखी नोंदवल्याखेरीज अटक करता येत नाही. न गेल्यास मात्र अटकेला आयते निमित्त मिळते. जाताना नोटिशीची प्रत जवळ ठेवावी आणि हजेरीची पोच मागून घ्यावी.

अटक झालीच, तर अटकेची कारणे लेखी मागावीत. ती आरोपीला समजणाऱ्या भाषेत, आणि दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्यापूर्वी किमान दोन तास आधी दिली गेली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. ती दिली नसतील, तर हा मुद्दा पहिल्या रिमांडच्या, म्हणजे दंडाधिकारी कोठडीचा आदेश देतात त्या, वेळीच मांडावा. ‘सगळे सांगून टाकले की सुटका होते’ हा समजही महागात पडतो. पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही हे खरे, परंतु त्या माहितीवरून एखादी वस्तू हाती लागली, तर तेवढा भाग न्यायालयासमोर येऊ शकतो.

सर्वांत जास्त नुकसान होते ते दिवस न मोजल्यामुळे. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक कारावास, जन्मठेप अथवा मृत्युदंड असलेल्या गुन्ह्यांत ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर याच संहितेच्या कलम १८७ नुसार आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. हे दिवस अटकेपासून नव्हे, तर पहिल्या रिमांडच्या तारखेपासून, तो दिवस धरून मोजले जातात. हा हक्क आपोआप पदरात पडत नाही; अर्ज करण्याआधीच दोषारोपपत्र दाखल झाले, तर तो संपतो. म्हणून अर्ज आधीच तयार ठेवून मुदत उलटताच दाखल करावा. हे काम वकिलाच्या लक्षात असेलच असे गृहीत धरू नये, तारीख घरच्यांनीही लिहून ठेवावी.

वकील परवडत नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. जामीनदार मिळत नसेल, तर तसा अर्ज द्यावा. जामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने मिळतो अशा, गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याभरात जामीन देऊ न शकलेल्या व्यक्तीला निर्धन मानून जामीनदाराशिवाय, केवळ स्वतःच्या लेखी हमीवर (वैयक्तिक बंधपत्रावर) सोडण्याची तरतूद कलम ४७८ मध्ये आहे, आणि ती न्यायालयाच्या नजरेस आणून देण्यास एक साधा अर्ज पुरतो.